किराण्याची यादी

ज्या पेठेच्या नावातच 'फ्री' हा शब्द आहे, त्या पेठेत राहणाऱ्या माणसास फुकट मिळणाऱ्या वस्तूंचे अप्रूप नसावे, अशी कोणाचीही समजूत होईल. परंतु उज्जैनीच्या फ्रीगंजात इतकी वर्षे राहून आम्हांस असे आढळून आले आहे की, 'एकावर एक फ्री' अशी पाटी दुकानावर लागली म्हणजे येथील माणसेही इतर गावच्या माणसांप्रमाणेच रस्ता ओलांडून पलीकडे जातात. ती वस्तू आपणांस हवी होती काय, हा प्रश्न रस्ता ओलांडून झाल्यावर सुचतो. कित्येकांस तो घरी पोहोचल्यावर सुचतो.

वाचकांपैकी पुष्कळांनी उज्जैन पाहिले नसेल. रेल्वे स्थानकाच्या एका अंगास जुने शहर आहे. महाकालेश्वर, गोपाळमंदिर, क्षिप्रेचे घाट हे सारे तिकडे. दुसऱ्या अंगास फ्रीगंज, ज्याला माधवनगर असेही म्हणतात. मधल्या रुळांवरून पूल जातो. इकडे टॉवर चौकात घड्याळाचा मनोरा आहे आणि त्याच्या भोवती सायंकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्या व माणसांची दाटी असते. शिंद्यांची राजधानी एके काळी उज्जैनीसच होती. १८१० साली ती ग्वाल्हेरला गेली, तरी हे शहर १९४८ सालापर्यंत त्यांच्याच राज्यात राहिले. त्यामुळे येथे मराठी घरे पुष्कळ आहेत. आमचे त्यांपैकीच एक. आम्ही घरात मराठी बोलतो आणि उंबरठा ओलांडला की हिंदी.

आता ही गोष्ट किराण्याच्या यादीपाशी कशी येऊन पोहोचते ते सांगतो. आमच्या लहानपणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आई यादी सांगत असे आणि आम्ही ती लिहून घेत असू. हरभऱ्याची डाळ दोन शेर, गूळ एक भेली, कपडे धुण्याचा साबण, शेंगदाणे, चहा, काड्यापेट्या. ही यादी मराठीत लिहिलेली असे आणि दुकानात ती हिंदीत वाचून दाखवावी लागे. हरभऱ्याच्या डाळीची 'चने की दाल' करावयाची, शेंगदाण्यांची 'मूंगफली' करावयाची. शेठजी पोत्यात हात घालून मूठभर डाळ तळहातावर घेत, आम्ही ती पाहत असू, दाताखाली एखादा दाणा धरीत असू. यंदाचा गूळ चांगला नाही, आठ दिवस थांबा, असेही ते सांगत. मग कागदाच्या पुड्या बांधल्या जात आणि लांबट वहीत रक्कम मांडली जाई. शेठजी कधी कधी वजनात मारीत नसतील असे आम्ही म्हणत नाही. परंतु वाईट डाळ दिली तर पुढच्या महिन्यात तीच आई पुन्हा समोर उभी राहणार आहे, एवढे त्यांना ठाऊक असे.

अलीकडे आमच्या घरी यादी होते ती सूनबाईंच्या मोबाईलवर. परवा ती सहज वाचून पाहिली, आणि एक गोष्ट ध्यानात आली. या यादीचे आता भाषांतर करावे लागत नाही. मराठीही नाही आणि हिंदीही नाही, अशी ती यादी आहे. तिच्यात दंतमंजन नाही, साबण नाही, मीठदेखील नाही. साऱ्या कंपन्यांची नावे आहेत. उज्जैनीत, वसईत किंवा अहिल्यानगरच्या एखाद्या खेड्यात, कोठेही ती यादी दाखविली तरी दुकानदार तीच पाकिटे काढून देईल. त्यात सोय आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वस्तूचे नाव जाऊन त्या जागी कंपनीचे नाव आले, म्हणजे डाळ पाहणारा डोळा आणि गूळ चाखणारी जीभ या दोघांना घरी बसविले असा अर्थ होतो. शेठजींनाही मत देण्याचे काम उरले नाही. मागितलेले पाकीट पुढे करणे, एवढेच त्यांच्या हाती राहिले आहे.

हे कोणी घडविले, तर जाहिरातीने. याबद्दल दुमत नाही. परंतु जाहिरातीने ते कसे घडविले, याविषयी आपल्याकडे जे सर्रास बोलले जाते ते आम्हांस पटत नाही. जाहिरात माणसाचा लोभ चाळविते, चैनीची हाव उत्पन्न करते, म्हणून लोभ सोडा म्हणजे जाहिरातीचा उपद्रव टळेल, असे व्याख्यानांतून व प्रवचनांतून आपण ऐकतो. लोभाविरुद्ध सांगावे ते योग्यच आहे. तथापि ज्या जाहिरातींनी आपल्या स्वयंपाकघरांत व न्हाणीघरांत खरोखर बदल केला, त्या एकेक आठवून पाहिल्या तर असे दिसते की, त्यांनी लोभाला हाक मारलीच नाही. त्यांनी हाक मारली ती आपल्या ठिकाणी जे काही चांगले आहे त्याला. आईच्या मायेला, गृहिणीच्या काटकसरीला, पाहुण्यांपुढे लाज राखण्याच्या इच्छेला. चांगल्या माणसावर त्यांची मात्रा अधिक चालते, ती याच कारणाने.

डालड्याचेच पाहा. वनस्पती तूप या देशात प्रथम आले तेव्हा कोणास ते नको होते. सणावारी साजूक तूप आणि एरवी तेल, अशी घराघराची रीत होती. १९३७ साली हिंदुस्थान वनस्पती कंपनीने डालडा बाजारात आणला. मूळ परदेशी मालाचे नाव 'दादा' असे होते. त्यात लीव्हर कंपनीच्या नावातला 'ल' घालून डालडा झाला. १९३९ साली लिंटास या जाहिरात कंपनीने त्याचा प्रचार हाती घेतला, आणि तो किती कसून केला ते ऐकण्यासारखे आहे. चित्रपटगृहांत दाखविण्यासाठी लहान चित्रपट तयार केला, वाचता येणाऱ्यांसाठी पत्रके छापली, डब्याच्या आकाराची गोल मोटारगाडी रस्त्यांतून फिरविली, आणि जागोजागी पदार्थ तळून लोकांस चाखावयास दिले. पिवळ्या डब्यावर हिरव्या ताडाच्या झाडाचे चित्र होते, म्हणजे ज्यास अक्षर येत नाही त्यासही डबा ओळखता यावा. मुख्य सांगणे काय होते? साजूक तूप परवडत नसले तरी आपल्या मुलाबाळांच्या पानात तुपासारखे काही तरी पडावे, असे वाटणाऱ्या आईला त्यांनी एक मार्ग दाखविला. यात लोभ कोठे आहे?

पुढे डबा रिकामा झाला की त्यात पीठ ठेवले जाई, तुळस लावली जाई, पहाटे शेताकडे जाताना तो पाण्यानेही भरला जाई. असा हा डबा घरचाच होऊन बसला, आणि कोणत्याही कंपनीच्या वनस्पती तुपास लोक डालडा म्हणू लागले. १९५० नंतरच्या दशकात वनस्पतीवर बंदी घालावी अशी मागणी झाली, पण ती टिकली नाही. वनस्पती तूप थिजविताना जो ट्रान्स फॅट नावाचा स्निग्धांश त्यात तयार होतो, तो हृदयास अपायकारक आहे हे विज्ञानास पुष्कळ पुढे कळले. भारतात खाद्यतेले व वनस्पतीतील त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम जानेवारी २०२२ पासून लागू झाला. १९३९ ते २०२२, म्हणजे त्र्याऐंशी वर्षे. त्या काळातल्या आयांना कोणी दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी मायेनेच वाढले.

मग रेडिओ आला. आकाशवाणीवर त्या काळी जाहिराती घेत नसत, आणि १९५२ साली नभोवाणी खाते श्री. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आल्यावर चित्रपटगीतेही तेथून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी आपले रेडिओ कोलंबोकडे वळविले. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी यांचा आवाज यावयाचा, आणि ते अगोदर भगिनींना व मग बंधूंना हाक मारीत. आमच्या आळीत रेडिओ एकाच घरी होता, त्यामुळे त्या घरच्या ओसरीवर बुधवारी जागा मिळत नसे. तेथे जमलेल्यांपैकी निम्म्या घरांत तेव्हा राखुंडीने किंवा कडुनिंबाच्या काडीने दात घासले जात. टूथपेस्ट घ्या असे कोणी त्यांच्या मागे लागले नाही. गाणी मात्र आठवड्यामागून आठवडे फुकट ऐकावयास मिळाली आणि त्या गाण्यांबरोबर एक नाव कानांत बसले. शिवाय त्या पेस्टच्या खोक्यात प्लॅस्टिकचे एक चिमुकले जनावर निघत असे. हत्ती, हरीण, माकड. ते जमविण्यासाठी मुलांनी आयांना पेस्ट घ्यावयास लावली आणि आयांनी मुलांच्या आनंदासाठी ती घेतली. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीनेही मुंबई, पुणे व नागपूर येथून जाहिराती घेण्यास आरंभ केला. सयानी २०२४ साली वारले, तेव्हा त्यांच्या आवाजाची आठवण सांगताना एकही मनुष्य दातांविषयी बोलला नाही, पण बिनाका हे नाव सर्वांच्या तोंडी होते.

मध्यंतरी दंतमंजनाच्या जाहिरातींनी आपणांस असे शिकविले की, मीठ, कोळसा आणि कडुनिंब यांनी दात घासणारा तो अडाणी. आज दुकानात पाहावे तर मीठ घातलेली पेस्ट वेगळी, कोळसा घातलेली वेगळी, कडुनिंबाची वेगळी. आमच्या आजोबांना हे पाहावयास मिळते तर त्यांना हसू आवरले नसते.

काटकसरीच्या सद्‌गुणाचाही असाच उपयोग झाला. कपडे धुण्याची सर्फ पावडर १९५९ साली आली. ती चांगली होती पण महाग होती. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाचे एक गृहस्थ, जे सरकारी खात्यात रसायनांचे जाणकार म्हणून नोकरीस होते, घरामागच्या अंगणात पावडर तयार करून सायकलवरून दारोदार विकू लागले. मुलीच्या नावावरून त्यांनी तिचे नाव निरमा ठेवले. सर्फच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही ती स्वस्त होती, आणि ज्या घरांनी आजवर वडीच वापरली होती त्यांना पावडर परवडू लागली. येथे जाहिरात मागाहून आली, अगोदर स्वस्त माल आला. हे न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु त्याला प्रतिपक्षाने जे उत्तर दिले ते पाहण्यासारखे आहे. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती सुरू झाल्या होत्या. १९८० नंतरच्या दशकात अॅलिक पदमसी यांनी लिंटासतर्फे 'ललिताजी' पडद्यावर आणली. कविता चौधरी या नटीने ते काम केले. ललिताजी ही श्रीमंत बाई नाही, नखरेल नाही; ती भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पै-पैचा हिशेब ठेवणारी मध्यमवर्गीय गृहिणी. आणि तीच सांगते की स्वस्त घेणे व चांगले घेणे यांत फरक आहे, म्हणून महाग पावडर घेणे हीच खरी काटकसर. आमच्या आळीतील कित्येक स्त्रियांना ती आपल्यातलीच वाटली. पावडर महाग की स्वस्त हा प्रश्न बाजूस राहिला. शहाणी बाई कोणती पावडर घेते हा प्रश्न पुढे आला. जिने निरमा घेतली तिने ती काहीशी लपवून घ्यावी, असा त्याचा परिणाम झालेला आम्ही पाहिला आहे.

गोरेपणाच्या मलमांची कथा याहून दुःखद आहे, कारण तेथे मुलीच्या लग्नाची आई-बापांस असलेली काळजीच विक्रीस काढली. १९७५ साली आलेल्या त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध मलमाच्या नावातून 'फेअर' हा शब्द २०२० साली काढून टाकण्यात आला. मधली पंचेचाळीस वर्षे सावळ्या मुलींनी आरशासमोर काढली.

परंतु हे सारे आम्ही ज्या एका गोष्टीमुळे लिहावयास घेतले, ती अजून सांगावयाची आहे. आमच्याकडे भांडी घासावयास एक बाई येते. फ्रीगंजातील चार घरची कामे करून तिला जे मिळते त्यावर घर चालते. तिचा मुलगा चौथीत आहे. काठीसारखा किडकिडीत, पण चलाख. एके दिवशी ती आमच्या मंडळींकडे पगारातून काही उचल मागू लागली. कशासाठी, असे विचारता तिने संकोचाने सांगितले की, मुलाचा डबा संपला आहे. डबा म्हणजे दुधात घालून प्यावयाच्या त्या तपकिरी पावडरीचा. अर्धा किलोच्या डब्याला अडीचशे रुपयांच्या आसपास पडतात. आमच्या मंडळींनी विचारले, "आणि दूध किती घेतेस?" ती म्हणाली, "माँजी, दूध चहापुरते. पावडर पाण्यात घालून देते."

आमच्या मंडळी काही क्षण बोलल्या नाहीत. मग त्यांनी तिला हळूच समजावून सांगितले की, त्या अडीचशे रुपयांत चार लिटर दूध येते. दोन डझनांहून अधिक अंडी येतात. शेंगदाणे व गूळ घेतले तर महिनाभर पुरतात. डबा आणून त्याच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरेही आम्ही भिंगाने वाचून दाखविली. वजनाचा मोठा भाग साखरेचा होता. तिने सारे ऐकून घेतले. मग जे म्हणाली ते आम्ही विसरू शकत नाही. "शेंगदाणे तर आम्ही आमच्या लहानपणीही खाल्ले, माँजी, आणि आम्ही काय झालो? हा डबा ज्याच्या घरी असतो, ते पोर पुढे जाते. वर्गात सगळे सांगतात."

आता या बाईस लोभी म्हणावयाचे काय? तिच्या अंगावरची साडी जुनी आहे. ती स्वतःसाठी काही घेत नाही. पडद्यावर जी आई आपल्या मुलाच्या हाती पेला देते आणि तो मुलगा शर्यतीत पहिला येतो, त्या आईपेक्षा आपण कमी पडू नये, एवढीच तिची इच्छा आहे. ती पावडर विकत घेत नाही. आपण मुलासाठी काही कमी केले नाही, हे समाधान विकत घेते. आणि असे समाधान चार लिटर दुधाच्या पिशव्यांवर छापलेले नसते. शेंगदाण्याची तर जाहिरातच कोणी करीत नाही. शेतकऱ्याच्या पोत्याला गाणे नाही, नट नाही, चित्र नाही. ज्याची जाहिरात होत नाही ते गरिबाचे, अशी खूणगाठ नकळत बांधली जाते, आणि मग गरीब मनुष्यच त्यापासून दूर पळतो.

अशा पेयांना 'हेल्थ ड्रिंक' म्हणजे आरोग्यपेय म्हणून विकले जात असे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने संगणकावरून माल विकणाऱ्या कंपन्यांस कळविले की, ही पेये त्या सदरातून काढावीत, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात आरोग्यपेय अशी व्याख्याच नाही. म्हणजे जो शब्द आया इतकी वर्षे श्रद्धेने उच्चारीत होत्या, त्यास कायद्यात जागाच नव्हती.

तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरीबाबत जे घडले ते याहून भयंकर होते, आणि ते जगभर घडले. डब्यावरचे गुटगुटीत बाळ पाहून गरीब देशांतील आयांनी अंगावरचे पाजणे सोडले, महागडी पावडर पुरवून पुरवून वापरावी म्हणून तिच्यात पाणी अधिक घातले, आणि ते पाणी कित्येकदा अशुद्ध असे. पुष्कळ अर्भके दगावली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली याविषयी नियमसंहिता केली, आणि भारताने १९९२ साली कायदाच करून अशा पावडरीच्या जाहिरातीस बंदी घातली. डब्यावर बाळाचे चित्रसुद्धा छापता येत नाही. मातेच्या मायेचा व्यापार कोणत्या टोकास जातो हे ओळखून केलेला हा कायदा आहे, आणि आमच्या मते आपल्या देशाने केलेल्या चांगल्या कायद्यांत त्याची गणना व्हावी.

इतर कायदेही आहेत. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ सालचा कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे, आणि तो जाहिरातीत मालाची भलावण करणाऱ्या नटासही होऊ शकतो. तक्रार करावयाची तर १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे. हे सारे माहीत असावे. परंतु ज्या जाहिरातीत खोटे असे एकही वाक्य नसते, केवळ एक हसरी आई असते, तिला कोणता कायदा पकडणार?

डिसेंबर लागला की फ्रीगंजातील काही दुकानांच्या दारीही लाल टोपी घातलेला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा उभा राहतो आणि सवलतीचा कागद हाती देतो. आपल्या वाचकांस तो कोण हे सांगावयास नको. चौथ्या शतकातील मिरा गावचे बिशप संत निकोलस हे गरिबांच्या घरी गुपचूप देणगी टाकून जात अशी त्यांची ख्याती. त्यांच्यापासून निघालेल्या या म्हाताऱ्याची लाल पोशाखातील चित्रे पूर्वीही होती; पण आज जो हसरा, गुबगुबीत चेहरा जगभर दिसतो तो मुख्यतः हॅडन संडब्लॉम या चित्रकाराने १९३१ पासून कोकाकोलाच्या जाहिरातींसाठी रंगविला. गुपचूप देणाऱ्याच्या हाती आता वीस टक्के सवलतीचा कागद आला आहे. मुले मात्र त्याला पाहून हसतात, तेव्हा आम्हीही कागद घेतो.

आता थोडे बाजारहाटीविषयी. सर्व पुड्या-पाकिटे म्हणजे लुबाडणूक, असा सरसकट निवाडा करणेही बरोबर नाही. १९८३ साली तमिळनाडूतील कडलूर येथून सी. के. रंगनाथन यांनी शाम्पूच्या लहान पुड्या विकण्यास आरंभ केला, त्यामुळे बाटली ज्यांना परवडत नसे त्यांच्याही केसांना शाम्पू लागला. आणि गंमत अशी की, शाम्पूची पुडी आजही पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. उलट बिस्किटांच्या पुड्याची किंमत वर्षानुवर्षे पाच रुपयेच राहते, पण आतील बिस्किटे एकेक करून कमी होतात. पाचाचे नाणे तेच, पुडा तोच, रंग तोच; कमी झालेले वजन खाली बारीक अक्षरांत. 'मोठे पाकीट घ्या, बचत करा' हेही नेहमी खरे नसते. म्हणून पाकिटावर आता दर ग्रॅमची किंवा दर मिलिलिटरची किंमत छापावी लागते, तो आकडा तेवढा आम्ही पाहतो. चष्मा विसरलो असलो तर दुकानातील पोऱ्याकडून वाचून घेतो. छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते, तिच्याहून कमी घेण्यास दुकानदारास कोणी मनाई केलेली नाही, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. ती वाचली की आपली घासाघीस संपते, जणू वर राजाची मुद्राच आहे.

गावच्या दुकानात हे सारे अधिक सोपे आहे, असे आम्हांस वाटते. तेथे दुकानदार अजून ओळखीचा असतो, आणि सुटी डाळ, गूळ, तांदूळ पाहून घेता येतात. मात्र सुट्या मालाची पोती दुकानाच्या मागच्या बाजूस सरकत चालली आहेत आणि पुढे पाकिटांच्या माळा लोंबत आहेत, हे आम्ही गेल्या खेपेस कोकणाकडे गेलो तेव्हा तेथेही पाहिले.

आमच्या घरी गेल्या पाडव्यापासून एक रीत घातली आहे. यादीत वस्तूचे नाव लिहावयाचे, कंपनीचे नाही. डाळ म्हणावयाचे, मीठ म्हणावयाचे, साबण म्हणावयाचा. कंपनी कोणती ती दुकानात उभे राहून, आकडा पाहून ठरवावयाची. आरंभी शेठजी गोंधळले. "कौनसा दूँ, बाबूजी?" असे ते प्रत्येक वस्तूस विचारीत आणि मागे उभी असलेली माणसे कुरकुर करीत. आता ते स्वतःहून सांगतात की, हे मीठ आणि ते मीठ यांत काही फरक नाही, हे घ्या, सात रुपये वाचतील. आणि तूरडाळ मात्र यंदा सुटीच न्या, पोते कालच फोडले आहे. परवा त्यांनी डाळ मुठीत घेऊन तळहातावर पसरली. मूग सुटे घेऊ लागल्यापासून निवडण्याचे काम वाढले, याबद्दल घरात तक्रार आहे, आणि ते काम बहुधा आमच्याच गळ्यात पडते. महिन्याच्या खर्चात किती फरक पडला ते विचाराल तर फार नाही. दुधाचा रतीब अर्ध्या लिटरने वाढविता आला, एवढा. तो अर्धा लिटर भांडी घासणारी बाई जाताना घेऊन जाते. तिने डबा आणणे थांबविले की नाही, ते आमच्या मंडळींनी विचारलेले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

चहाच्या बाबतीत मात्र सूनबाईंनी ही रीत मानलेली नाही. यादीत तेथे कंपनीचे नाव ठळक अक्षरांत असते. सुटा चहा आणून पाहिला. तो सर्वांनी एक दिवस मुकाट्याने घेतला, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात पुन्हा जुनेच पाकीट होते.